दवाखान्याच्या बाकावरचं बोलणं



गेल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणीला गेले तेव्हा बाकावर माझ्याशेजारी एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ. मला वाटलं, सासूबाईंना दाखवायला आली असेल. विचारलं तर म्हणाली, "नाही काकू, याच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे." मला पुढे काय बोलावं सुचेना.

आत गेल्यावर डॉक्टरांना विचारलं, "एवढ्याशा जिवाला मोतीबिंदू?" ते म्हणाले, कारणं बरीच असतात. आणि त्यातल्या एका कारणाचा शोध कसा लागला, ती सिडनीची गोष्ट त्यांनी थोडक्यात सांगितली. घरी आल्यावर डोळ्याला विश्रांती द्यायची सोडून मी तीच शोधून वाचत बसले. यजमान रागावले, पण मला राहवेना.

गोष्ट १९४१ सालची आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धात पराक्रमाचं पदक मिळवलेले, क्रिकेट आणि टेनिस उत्तम खेळणारे. मुलांच्या इस्पितळातही ते डोळे तपासत. त्या वर्षी त्यांच्याकडे एकामागून एक अशी तान्ही मुलं येऊ लागली, ज्यांच्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू होता. एरवी असं मूल क्वचित दिसायचं. बाळं अशक्त होती, दूध नीट प्यायची नाहीत आणि पुष्कळांच्या हृदयातही दोष होता.

त्या काळी जन्मजात व्यंग म्हणजे घराण्यातून आलेलं, अशीच डॉक्टरांचीही समजूत होती. पण इतक्या वेगवेगळ्या घराण्यांत एकाच वर्षी तेच व्यंग कसं येईल?

असं सांगतात की, दवाखान्यात बाहेर बसलेल्या दोन बाळांच्या आया आपसात बोलत होत्या. दोघींनाही गरोदरपणात जर्मन गोवर येऊन गेला होता. हाच आपला रुबेला. अंगावर बारीक पुरळ, किंचित ताप, दोन-तीन दिवसांत बरा. कोणी औषधही घेत नसे. १९४० साली त्याची तिकडे मोठी साथ आली होती. सैन्याच्या छावण्यांत तरुण मुलं दाटीवाटीने राहत, तिथून तो घरोघरी गेला.

हे बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी ते बायकांच्या गप्पा म्हणून सोडून दिलं नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येक आईला ते विचारू लागले, दिवस होते तेव्हा काही झालं होतं का? कोणत्या महिन्यात? इतर डॉक्टरांनाही पत्रं लिहून विचारलं. मुलं जमली ७८, आणि त्यांतल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता.

शिवाय त्यांनी डोळ्यालाही विचारलं, असं म्हणायला हरकत नाही. आपल्या डोळ्यातलं भिंग सुताच्या गुंडीसारखं वाढतं. आतला गाभा आधी तयार होतो, मग त्यावर थर चढत जातात. या बाळांचे गाभेच पांढरे पडले होते. म्हणजे इजा झाली ती अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत, गाभा तयार होताना. आयांची आठवणही तेच सांगत होती.

१५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेपुढे ग्रेग यांनी आपला निबंध वाचला. तो त्या संस्थेच्या तिसऱ्या खंडात छापला गेला. पुरती बारा पानंही नाहीत. मैत्रिणींनो, अशा संस्थांचे खंड कपाटात धूळ खात पडतात असं आपल्याला वाटतं. या बारा पानांनी मात्र गरोदर बाईकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची दृष्टी बदलली.

लगेच बदलली असं मात्र नाही. लंडनच्या 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय साप्ताहिकाने १९४४ साली शंका काढली की ग्रेग यांचं म्हणणं अजून सिद्ध झालेलं नाही. वाचताना मला आधी राग आला. पण मीही बी.कॉम. आहे. हिशेब पाहिल्यावर कळलं, शंका अगदीच चुकीची नव्हती. ग्रेग यांनी आजारी बाळांपासून मागे जाऊन आयांना विचारलं होतं. रुबेला होऊनही ज्यांची बाळं धडधाकट जन्मली, त्या आया यादीत येणार कशा? वहीची एकच बाजू भरलेली होती. दुसरी बाजू भरायला बाकीच्यांना पुढे बरीच वर्षं लागली. अ‍ॅडलेडच्या चार्ल्स स्वान यांनी आणखी मुलं तपासली, आणि ग्रेग यांचा मूळ मुद्दा खरा ठरत गेला.

मुलं मोठी होऊ लागली तशी आणखी एक गोष्ट उघड झाली. कितीतरी जणांना ऐकूच येत नव्हतं. तान्हेपणी ते कोणाच्या लक्षात येणार? इथे पुढे आले हिशेबवाले, लँकेस्टर नावाचे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी जुन्या जनगणना काढल्या. १९११ च्या जनगणनेत १० ते १४ वर्षांची कर्णबधिर मुलं फार जास्त होती. मागे मोजत गेलं तर त्यांचे जन्म १८९९ च्या रुबेलाच्या साथीच्या आसपास येतात. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीही हेच घडलं होतं. आकडे सरकारी वहीत तसेच पडून होते, आणि त्या आयांना कोणी काही विचारलं नव्हतं.

इथे मला माझ्या चुलत सासूबाई आठवल्या. त्यांची थोरली मुलगी जन्मापासून बहिरी. "ग्रहणात भाजी चिरली असेल," असं घरातलेच म्हणायचे. कोणी म्हणायचं, माहेरचंच काहीतरी असणार. कोणी पूर्वजन्मीच्या पापावर जायचं. काकू मला एकदाच म्हणाल्या होत्या, "तिसऱ्या महिन्यात माझ्या अंगावर पुरळ उठलं होतं गं. पण कोणाला सांगणार?" तो रुबेलाच होता असं मी आज म्हणू शकत नाही. पण त्यांचं ते वाक्य आयुष्यात एकानेही ऐकून घेतलं नाही, एवढं मला माहीत आहे. कर्मसिद्धांत आपण सगळ्याच मानतो. तो आपला आपण तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या सुनेवर ठपका ठेवण्यासाठी नाही.

ग्रेग यांना १९५३ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १९६२ मध्ये रुबेलाचा विषाणू सापडला, तेही त्यांनी पाहिलं. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली आणि सुमारे वीस हजार बाळं व्यंग घेऊन जन्मली. १९६६ मध्ये ग्रेग गेले, आणि १९६९ मध्ये अमेरिकेत लस आली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रेलियातून रुबेला हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आठवतंय ना? तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरत होतं! आपल्याही ग्रुपवर "चांगल्या मुलांना कशाला टोचायचं" असे मेसेज आले, आणि एक मी स्वतः पुढे पाठवला होता. आज त्याची लाज वाटते. ती लस नुसती त्या मुलांसाठी नव्हती, तर त्यांच्या आसपासच्या प्रत्येक गरोदर बाईच्या पोटातल्या जिवासाठीही होती. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता शंभरात नव्वद असते.

म्हणून एवढंच सांगते. नातवंडांच्या लसीच्या कार्डावर गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस आहेत का पाहा, पहिला नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. लग्न ठरलेल्या मुलीला डॉक्टरांना विचारायला सांगा, कारण ही लस दिवस राहण्याआधी घ्यायची असते, गरोदरपणात चालत नाही. पत्रिका पाहतो, दागिन्यांची यादी करतो, त्यात ही एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

आणि एखादी सून म्हणाली की मला असं असं झालं होतं, तर तिला मध्येच थांबवू नका. शेवटपर्यंत ऐका, आणि जमलं तर तारखेनिशी लिहून ठेवा.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा ती मुलगी भेटली नाही. बाळाचं ऑपरेशन नीट झालं, एवढं नर्सबाईंनी सांगितलं. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला.