नेलगन, काथ्या आणि फेव्हिकॉल

घरच्या सुतारकामासाठी नेलगन घ्यायची, तर महिनाभर नुसता घोळ! मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये कॉम्प्रेसर अशक्य, शेजारी तान्हं बाळ आहे. तरी मोठ्या खिळ्यांचीच हवी होती. मोठा खिळा म्हणजे पक्का जोड, नाही का?

मग आयएनएसव्ही कौंडिण्यबद्दल वाचलं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकाच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं हे जहाज 2025 मध्ये नौदलात आलं. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळे नाहीतच! अरबी समुद्रात अशीच जहाजं शतकानुशतकं चालली.

माझ्या खणांचा जोड धरणार फेव्हिकॉल; पिन फक्त तो वाळेपर्यंत. मग बारीक पिनांची, विजेवरची एफ-30 बास झाली की. उरलेल्या पैशांत क्लॅम्प आले. टकटक तिचीही होतेच, म्हणून दुपारी बंद.