गावकुसाचा जीर्णोद्धार

‘गावकुसाबाहेर’ हा शब्द दलित साहित्यात आपण इतक्या वेळा वापरला आहे, की ते कुसू म्हणजे दगडामातीची खरीखुरी भिंत होती, याचा आपल्याला जणू विसर पडला आहे. कुसवाबाहेर कोण राहत होते, हे आपण लिहिले. पण कुसू ढासळले की ते पुन्हा कोण उभे करीत होते? आज लहानलहान गावांतील वेशी, गढ्या, चावड्या आणि देवळे यांच्या जीर्णोद्धाराची भाषा बोलली जात आहे. अशा वेळी हा प्रश्न विचारणे मला अगत्याचे वाटते.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचेच उदाहरण घेऊ. बाराव्या शतकात ही कलचुरींची राजधानी होती. ज्वारीचे कोठार म्हणून आणि संतांची भूमी म्हणून या गावाचा लौकिक आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी धान्य लोकांना वाटले आणि त्याची रक्कम भरायला खुद्द देव विठू महार होऊन बेदरला गेला, ही कथा इथलीच. कथेत देव महार होतो. व्यवहारात मात्र महार देवाच्या दाराबाहेर राहतो. याच मंगळवेढ्यात शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली, गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा तिच्याखाली गाडले गेले. त्यांच्याबरोबर इतरही मजूर मेले, असे परंपरा सांगते. ज्या कुसवाने त्यांना बाहेर ठेवले, त्याच कुसवाच्या कामावर त्यांचा जीव गेला.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेवांच्या जिव्हाळ्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु या कथेने अपघाताचा चमत्कार करून टाकला. मजुरांना कामावर कोणी बोलावले, त्यांना मजुरी होती की ती वेठ होती, मेलेल्यांच्या बायकापोरांचे काय झाले, याविषयी कथा गप्प आहे. ज्या हाडांतून नाम उमटले नाही, ती हाडे कोणाची होती? आणि समाधी मिळाली तीही दाराबाहेर. ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबांना इतिहासात आणून बसवणारी ती कृती होती.

ही वेठ चोखोबांबरोबर संपली नाही. गावकूस आणि चावडी यांची डागडुजी हे महारकीच्या कामांपैकीच एक काम होते. १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला इंग्रजी राज्याचा शिक्का मिळाला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणले, पण वतन कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल लागले.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. जुन्या जाड भिंतीला बहुधा दोन बाजूंना दगडांचे थर असतात आणि मध्ये दगडमातीची भर असते. माथ्यावरून पाणी मुरले की भर फुगते आणि भिंतीला पोट येते. अशा भिंतीच्या पायाशी खणणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून आधी टेकू द्यावे लागतात, पाण्याला वाट करून द्यावी लागते आणि सैल झालेला भाग वरून खाली उतरवावा लागतो. जुन्या चुन्यात सिमेंट भरले तर ओल आत कोंडते आणि दगड झिजतो. हे शहाणपण वडार, बेलदार, गवंडी यांच्या हातांत पिढ्यानपिढ्या आहे. फलकावर मात्र पैसा देणाऱ्यांची आणि फीत कापणाऱ्यांची नावे येतात. १९०४ च्या आणि १९६० च्या कायद्यांनी वास्तूला संरक्षण दिले, पण वास्तू उभारणाऱ्याच्या आठवणीला संरक्षण देणारा कायदा नाही.

आपले काही तरुण म्हणतात, गुलामीची ही भिंत पडू द्या. त्यांचा संताप मला समजतो, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. भिंत गेली की पुरावाही जातो आणि मग ‘आमच्या गावात कधी शिवाशीव नव्हतीच’ असे सांगायला लोक मोकळे होतात. वेस उभी राहिली पाहिजे. मात्र नकाशा काढताना आतल्या वाड्यांबरोबर बाहेरची वस्ती, तिची विहीर आणि तिची वाटही त्यात आली पाहिजे. कोणत्या घराण्यांनी वेठ केली, हे गावातील म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवले पाहिजे. आज कामावर असलेल्या मजुराला टेकू, टोप आणि पुरता रोज मिळाला पाहिजे. आणि हजेरीपटावरील प्रत्येक नाव फलकावर कोरले गेले पाहिजे. १३३८ च्या त्या मजुरांपैकी चोखोबांचे एकच नाव आपल्यापर्यंत पोचले आणि तेही चमत्काराच्या आधाराने. यापुढे मजुराचे नाव टिकायला चमत्कार लागू नये, एवढे तरी जीर्णोद्धार करणाऱ्यांनी पाहावे.