आवाजाची गाडी

मंडळी, आपण सिनेमा 'पाहायला' जातो. सिनेमा 'ऐकायला' निघालोय असे कुणी म्हणत नाही. पण जत्रेतल्या तंबूत खेळ चालू असताना मधेच आवाज गेला तर केवढा गलका होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. चित्र जरा अंधुक झाले तर लोक चालवून घेतात. बोलणे ऐकू येईनासे झाले की शिट्ट्या सुरू होतात. हा आवाज उघड्या माळावर, नदीकाठी, भर बाजारात पकडणारा माणूस आपला पसारा घेऊन हिंडतो कसा, याची हकिगत आज सांगायची आहे. ती एका गाडीची हकिगत आहे. या गाडीला बैल नाहीत, इंजिन नाही. माणसाने हाताने ढकलायची ती गाडी. सिनेमावाले तिला साउंड कार्ट म्हणतात. आपण तिला आवाजाची गाडी म्हणू या.

आधी थोडे मागे जाऊ. १४ मार्च १९३१ या दिवशी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलू लागला. त्या बोलपटाचे बरेचसे काम रात्री झाले. का? तर स्टुडिओच्या शेजारून आगगाडीचा रस्ता जात होता. दिवसा राजकुमार बोलायला लागला की मागून गाडी धडधडत यायची. म्हणून गाड्या थांबल्या की ही मंडळी कामाला लागत. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून इकडेतिकडे दडवून ठेवावे लागत. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत असे. एक शब्द चुकला तर सगळे पहिल्यापासून!

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापूरच्या 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलका केला. १९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. तिथे ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळीत. याच दामल्यांनी फत्तेलालांच्या जोडीने १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. कानाने काम करणारा माणूस केवळ यंत्रावर बसणारा कारागीर नसतो, हे आपल्याच मुलखात तेव्हाच दिसून आले होते.

आता अडचण कुठे होती ते पाहा. त्या काळी टेप नव्हती. आवाजाची वीज करायची, विजेचा प्रकाश करायचा, आणि तो प्रकाश फिल्मवर बारीक रेघेच्या रूपाने उमटवायचा, अशी ती रीत. त्यासाठी काचेच्या झडपांचे, म्हणजे व्हाल्व्हचे, मोठे वर्धक लागत. जड बॅटऱ्या लागत. आवाजाचा वेगळा कॅमेरा लागे. एवढे सामान स्टुडिओबाहेर न्यायचे तर आख्खी लॉरीच हवी. अमेरिकेत १९३० नंतर असे ध्वनिमुद्रणाचे ट्रक सर्रास दिसू लागले. लॉरी दूर उभी करायची, तिच्यापासून लांबलचक तारा ओढायच्या, आणि आत बसलेल्या माणसाने कानाला फोन लावून ऐकायचे. थोडक्यात, जिथे लॉरी जाईना तिथे आवाजही जाईना.

ही कोंडी फोडली चुंबकीय फितीने. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जर्मनांनी टेपवर मुद्रण करणारे यंत्र लोकांपुढे मांडले. पण खांद्याला अडकवून नेता येईल असे भरवशाचे यंत्र व्हायला आणखी वेळ लागला. स्टेफान कुडेल्स्की हा वॉर्सात जन्मलेला पोलिश मुलगा. महायुद्धाच्या धामधुमीत त्याचे कुटुंब परागंदा झाले आणि अखेर स्वित्झर्लंडमध्ये पोचले. तिथे शिकत असताना १९५१ मध्ये त्याने एक पेटी बनवली. तिची टेप घड्याळासारख्या किल्लीवर फिरत असे. नाव ठेवले 'नाग्रा'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'मुद्रित करील' असा आहे. या पेटीची पहिली कदर केली ती सिनेमाने नव्हे, नभोवाणीने! बातमीदाराला गावोगाव हिंडून लोकांचे बोलणे आणता येऊ लागले. १९५८ च्या सुमारास ट्रान्झिस्टरवर चालणारी तिसरी नाग्रा आली. टॉर्चला घालतो तसल्या बारा सेलांवर ती चाले, आणि वजन सहा-सात किलोच्या आसपास.

पण एक पेच उरलाच. शिक्षक बंधुभगिनींनी हा वर्गात जरूर सांगावा. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो. टेप मात्र किंचित ताणते, किंचित घसरते. दोन घड्याळे बरोबर लावली तरी थोड्या वेळाने त्यांच्यात फरक पडतो ना, तसेच हे. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. यावर तोड अशी निघाली की कॅमेऱ्याच्या गतीचे ठोकेही आवाजाच्या बरोबरीने टेपवर नोंदवायचे. मागाहून त्या ठोक्यांच्या आधारे टेपची गती जुळवून घेता येते. आणि सुरुवात कुठून धरायची? त्यासाठी लाकडी पाटीची टाळी. टाळी मिटलेली दिसते ते चित्र आणि 'टक्' ऐकू येते तो क्षण एकमेकांवर बसवला की काम झाले. यंत्रे कितीही बदलली तरी ही पाटी अजून टिकून आहे.

इतके सगळे सोपे झाल्यावर आपल्याकडे काय व्हावे? तर उलटेच! आपल्याकडे पुष्कळ काळ कलावंत बाहेर नुसते बोलून घेत आणि महिन्यांनी बंद खोलीत, पडद्यावरचे आपलेच ओठ पाहत, तेच शब्द पुन्हा म्हणत. याला डबिंग म्हणतात. त्यालाही कारणे होती. कॅमेरे फार खडखडत, बघ्यांची गर्दी आवरत नसे, आणि नटांच्या तारखा जुळवायच्या असत. त्यातून काही चांगले आवाजही घडले, हे कबूल केले पाहिजे. पण हरवले काय? उन्हात धावून आलेल्या माणसाची धाप हरवली. रडताना अडखळलेला शब्द हरवला. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोठे नुकसान बोलीचे. अहिराणी असो, वऱ्हाडी असो की मालवणी, बोली नुसत्या शब्दांत नसते; ती हेलात असते, थांबण्यात असते. गावातल्या खऱ्या माणसाला शहरातल्या खोलीत उभे करून तेच पुन्हा बोलायला लावा. तो बिचारा पाठ म्हटल्यासारखे बोलतो.

म्हणून २००१ चा 'लगान' इथे आठवावा लागतो. कच्छात भुजजवळ, २००० साली, मोठ्या जमावासकट त्याचे चित्रण झाले आणि संवाद जागच्या जागी मुद्रित केले गेले. ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याच्या वाट्याला आला. पुण्याच्या प्रभातच्याच आवारात १९६० मध्ये सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. तिथे शिकलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठी दोघा सहकाऱ्यांबरोबर ऑस्कर मिळाले. मुंबईच्या गजबजाटातून त्यांनी माणसांचे बोलणे वेचून आणले होते.

मग प्रश्न येतो, पेटी इतकी लहान झाली तर गाडी कशाला? कारण मायक्रोफोन वाढले. १९७५ च्या 'नॅशव्हिल' या अमेरिकी चित्रपटात नटांच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन लावून आठ पट्ट्यांवर वेगवेगळे आवाज घेतले होते. पुढे टेप जाऊन संगणकाची तबकडी आली, तबकडीच्या जागी बोटभर कार्ड आले, आणि आवाजांच्या पट्ट्या वाढतच गेल्या. आता प्रत्येक नटाचा एक ग्राहक, त्यांचे मिश्रण करणारी पाटी, मुद्रणयंत्र, बॅटरी, तारा. एवढे खांद्यावर घेऊन बारा तास कोण उभा राहील?

ही गाडी बाजारात तयार मिळते, पण पुष्कळ ध्वनिमुद्रक ती स्वतः बांधतात, नाहीतर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बांधून घेतात. न्हाव्याची धोकटी आणि सुताराची पेटी जशी ज्याच्या त्याच्या हाताला बसलेली असते, तसेच हे. बांधताना काय पाहायचे, ते ऐका.

पहिले माप दाराचे. गाडी घराच्या दारातून गेली पाहिजे. यंत्रे बसवायच्या चौकटीची रुंदी जगभर १९ इंच ठरलेली आहे. ती टेलिफोनवाल्यांच्या काळापासून आली. तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा.

दुसरी गोष्ट तोलाची. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचलते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. इथेही जड बॅटरी अगदी तळाशी ठेवतात, म्हणजे चढउतारावर गाडी कलंडत नाही. मागे हवेची मोठी चाके, पुढे वळणारी लहान चाके, आणि त्यांना ब्रेक.

तिसरी गोष्ट विजेची. जनरेटरची वीज घुमते, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर सगळे चालवायचे आणि प्रत्येक यंत्राला वेगळा फ्यूज द्यायचा. एकाचा बिघाड दुसऱ्याला बाधू नये. विजेच्या तारा एका अंगाने न्याव्यात, आवाजाच्या दुसऱ्या अंगाने. जवळजवळ धावल्या की गुणगुण शिरते.

चौथी गोष्ट, बिनतारी ग्राहकांच्या अँटेना उंच काठीवर लावायच्या. नटाचा आणि त्यांचा मार्ग मोकळा हवा. माणसाचे शरीर मधे आले तरी लहरी अडतात.

आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची: गाडीने स्वतः आवाज करू नये! खण खडखडता कामा नये, चाक कुरकुरता कामा नये. म्हणून सांध्यांत रबर, चाकांना वंगण. वर उन्हापावसाला छत्री. शिवाय मुख्य यंत्र चटकन काढून पिशवीत घालता आले पाहिजे, कारण डोंगराच्या पायवाटेवर गाडी थांबते, माणूस थांबत नाही.

एवढे करूनही अर्धे काम लांब काठीवर मायक्रोफोन धरणाऱ्या साथीदाराच्या दंडावर असते. नऊवारीची सळसळ, बांगड्यांची किणकिण, खिशातल्या नाण्यांचा खुळखुळाट, सगळे त्यालाच सांभाळावे लागते. काम संपल्यावर ध्वनिमुद्रक सर्वांना मिनिटभर गप्प उभे करतो आणि त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून घेतो. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. माळाची वेगळी, विहिरीची वेगळी, देवळाच्या गाभाऱ्याची आणखी वेगळी.

शिक्षकहो, तुमच्यापाशी अशी गाडी नसेल. पण आता खेड्यापाड्यांतून पुष्कळ घरांत मुद्रण करणारा फोन आहे. गावात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी आजी असेल, मोटेची गाणी आठवणारा एखादा बाबा असेल. पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ धरा, वाऱ्याला पाठ द्या, आणि मुलांना गप्प राहायला शिकवा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख तेवढी बोलून घ्या. त्या आजीचे शब्द उद्या कुणीही कागदावर उतरवील; पण तिचा हेल तिच्याच तोंडून घ्यावा लागतो, आणि तो ती आहे तोवरच घ्यावा लागतो.