पाठ केलेली नदी

आजच्या भागात एक कोर्टकचेरी आहे, आणि तीही एका चित्रावरून झालेली.

काळ १८७० चं दशक, शहर लंडन. जेम्स व्हिस्लर हा अमेरिकेत जन्मलेला चित्रकार थेम्स नदीजवळ, चेल्सी भागात राहायचा. त्याला नदी रंगवायची होती ती रात्रीची. धुकं, पाण्यात थरथरणारे दिवे, पुलाची काळी आकृती. आता अडचण बघा. अंधारात हातातला निळा रंग कुठला नि हिरवा कुठला, हेच कळत नाही. मग रंगवणार कसं?

त्याने चक्क नदी पाठ केली! शाळेत आपण पाढे करायचो ना, तशी. काठावर उभं राहून दृश्य डोळ्यांत साठवायचं. मग नदीकडे पाठ फिरवायची आणि सोबतच्या माणसाला सगळं म्हणून दाखवायचं: आकाश कसं, दिवे कुठे, पाणी कुठे उजळ. सोबती नदीकडे बघत चुका काढणार. चुकलं की पुन्हा बघायचं. रंगवायचं मात्र नंतर, स्टुडिओत, आठवणीतून. रंग तो इतका पातळ करायचा, की ओघळू नये म्हणून कधीकधी कॅनव्हास जमिनीवर आडवा ठेवावा लागे. या चित्रांना नाव दिलं संगीतातलं, ‘नॉक्टर्न’.

१८७७ मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत त्यातलं एक लागलं. क्रेमॉर्न बागेतली आतषबाजी, काळ्या आकाशातून गळणाऱ्या ठिणग्या. किंमत २०० गिनी. ते बघून जॉन रस्किन भडकला. हा त्या काळचा वजनदार समीक्षक, आणि गंमत म्हणजे टर्नरच्या धूसर निसर्गचित्रांची बाजू यानेच हिरिरीने मांडली होती! लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचं आणि वर पैसे मागायचे, असं त्याने छापून टाकलं. व्हिस्लरने बदनामीचा दावा ठोकला.

नोव्हेंबर १८७८. कोर्टात वकिलाने विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी? व्हिस्लरचं उत्तर होतं की नाही, आयुष्यभर काम करून जे कळलं, त्याचे. खरा प्रश्न हाच होता. ब्रश हातात नसतानाची मेहनत हिशेबात धरायची की नाही?

निकाल व्हिस्लरच्या बाजूने लागला. भरपाई किती? एक फार्दिंग. म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! कोर्टाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. १८७९ मध्ये व्हिस्लरचं दिवाळं निघालं.

ते आतषबाजीचं चित्र आज अमेरिकेत, डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. फोनवर शोधून नक्की बघा. आणि आज संध्याकाळी खिडकीबाहेर मिनिटभर बघून पाठ फिरवा, शेजारच्याला सगळं सांगून बघा. किती आठवलं, ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!