आयपी पत्ता म्हणजे गुन्हेगार नव्हे

८ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेतील संगीत कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेने २६१ लोकांवर दावे ठोकले. आरोप एकच, काझासारख्या नेटवर्कवरून गाणी फुकट वाटली. त्यात न्यूयॉर्कच्या सरकारी घरकुलात राहणारी बारा वर्षांची मुलगीही होती. आईने लगेच २,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

हे लोक सापडले कसे? अशा नेटवर्कवर फाइल एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जाते, म्हणून दोघांना एकमेकांचा आयपी पत्ता दिसतो. कंपन्यांनी नेमलेले पाळतदार साधे वापरकर्ते बनून आत शिरत, गाणी शोधत, समोरचा पत्ता आणि वेळ टिपत. मग इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव मागवले जाई. तेही १९९८ च्या डीएमसीए कायद्याच्या आधारे, दावा न लावता, न्यायाधीशाने न पाहता, कोर्टाच्या कारकुनाच्या शिक्क्यावर! व्हेरायझन कंपनी याविरुद्ध लढली आणि डिसेंबर २००३ मध्ये अपील कोर्टात जिंकली. (ग्राहकांच्या प्रेमापोटी लढली असे समजू नका, पण लढली.)

मित्रांनो, खरी गोम पुढे आहे. आयपी पत्त्यावरून बिल कुणाच्या नावावर आहे ते कळते, कीबोर्डवर कोण बसले होते ते नाही. त्याच २६१ जणांत मॅसॅच्युसेट्समधील साठी उलटलेली एक शिल्पकार आजी होती. आरोप रॅप गाणी वाटल्याचा! तिच्याकडे होता मॅकिंटॉश, आणि काझा त्यावर चालतच नव्हते. दावा मागे घ्यावा लागला. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी तर याहून मोठा घोळ उघड केला. एकही फाइल न घेता-देता त्यांना शेकडो नोटिसा आल्या. प्रिंटरचा पत्ता पुढे केला, तर प्रिंटरही चोर ठरला! बिटटॉरेंटच्या यादीत पत्ता दिसला की नोटीस सुटे. फाइल खरेच दिली का, हे कुणी तपासत नसे.

कलाकाराच्या मेहनतीचे काय, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण इथे पाळत ठेवणारा, पुरावा गोळा करणारा आणि तडजोडीचे पैसे घेणारा पक्ष एकच होता. कायद्याने एका गाण्यामागे ७५० पासून दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. तडजोड काही हजारांत होते. वकील परवडत नसेल तर निर्दोष माणूसही पैसे भरून मोकळा होणार. २००८ च्या अखेरीस संघटनेने असे सरसकट दावे थांबवल्याचे जाहीर केले, तोवर सुमारे ३५,००० लोक या जात्यात आले होते. ज्युरीसमोर आपली बाजू मांडायला पोहोचले ते बोटांवर मोजण्याइतके.