नीरेच्या ब्लॉकपासून समावेशक आरक्षणापर्यंत

रूसोचा सामाजिक करार आम्ही आयुष्यभर शिकवला. त्यावर कुणाची सही नसते. आज सही-शिक्क्याच्या करारांकडे वळू, तेही बारामती-इंदापूरच्या निमित्तानं.

या दोन तालुक्यांना सरकारशी लेखी करार नवा नाही. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी इथं ब्लॉक पद्धत आणली. शेतकऱ्याला ठरावीक क्षेत्रासाठी काही वर्षं पाण्याची हमी; बदल्यात त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस. हक्क मिळाला, मर्यादाही आली. कोण मर्यादा ओलांडतोय हे शेजाऱ्याला बांधावरून दिसायचं, कारण ऊस काही लपत नाही!

पुढं उसाच्या रानात प्लॉट पडले. विकास आराखड्यात खासगी जमिनींवर शाळा, बाग, मंडई अशी आरक्षणं आली. १९६६च्या नगररचना कायद्याचं कलम १२६ सांगतं की अशी जमीन मालकाशी करार करूनही घेता येते. पैसे देऊन, आणि १९९०च्या दशकातल्या दुरुस्तीनंतर एफएसआय किंवा टीडीआर देऊन. छोट्या नगरपालिकेच्या तिजोरीत पैसे कुठले? मग बांधकामाचा हक्क हेच तिचं चलन झालं.

करार नाही झाला तर? तर कलम १२७. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, की मालक नोटीस देतो. पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, आता चोवीस. त्यात ठोस पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे नकाशावरची बाग संपली. नुसता प्रस्ताव पुढं पाठवणं हे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगितलं. मालकाची जमीनही जन्मभर अडकवून ठेवता येत नाही, हे आम्हाला न्याय्यच वाटतं.

डिसेंबर २०२०च्या एकत्रीकृत नियमावलीत समावेशक आरक्षण आहे. मालकानं काही भागावर स्वखर्चानं ती सोय बांधून नगरपालिकेला विनामोबदला द्यायची, उरलेली जागा स्वतःसाठी विकसित करायची. बारामती असो की इंदापूर, बिल्डर आणि नगरपालिका यांच्यातला कळीचा करार तो हाच.

इंग्लंडात १९९०च्या कायद्याच्या कलम १०६खालचा करार सार्वजनिक नोंदवहीत असतो, कुणीही पाहावा. आम्ही एका नगरपालिकेत असाच एक करार पाहायला मागितला, तर टेबलामागून प्रश्न आला, "सर, जागा तुमची आहे का?"

आम्ही म्हणालो, "शाळा तरी आमची आहे ना?" आणि अर्ज लिहायला बसलो. एवढंच पाहायचं होतं की आधी ताबा शाळेचा द्यायचा ठरलाय, की फ्लॅटचा.