रहस्यकथाकारांचे न झालेले मंडळ

वाङ्‌मयाच्या इतिहासात संस्थांची दप्तरे जितकी बोलकी असतात, तितकाच कधी कधी त्यांचा अभावही बोलका असतो. मराठी रहस्यकथेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही गोष्ट प्रारंभीच जाणवते. कवींची मंडळे झाली, नाटककारांच्या परिषदा भरल्या, ग्रंथकारांची सभा तर रानडे व लोकहितवादी यांनी १८७८ सालीच पुण्यात बोलावली. परंतु ज्यांची पुस्तके हातोहात फिरून फाटत होती त्या रहस्यकथाकारांचे एखादे स्थायी मंडळ, त्याचे इतिवृत्त, त्याची सभासद-वार्ता असे काही मराठीत नांदल्याचे दिसत नाही.

इतरत्र तसे नव्हते. लंडनमध्ये १९३० साली ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला आणि चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ॲगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, फादर नॉक्स ही त्यातली मंडळी. नव्या सभासदास थट्टेच्या सुरात पण खरीखुरी शपथ घ्यावी लागे : आपला गुप्तहेर दैवी साक्षात्कार, योगायोग किंवा हातचलाखी यांच्या आधारे गुन्हा उकलणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपविला जाणार नाही. नॉक्स यांनी १९२९ सालीच दहा नियम घालून दिले होते. त्यांपैकी एक तर असा की, कथेत एकाहून अधिक गुप्त वाट असू नये! क्लबाच्या सभासदांनी १९३१ साली ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी एकेकाने एकेक प्रकरण लिहून पुरी केली. पुढे अमेरिकेत १९४५ साली आणि जपानात एदोगावा राम्पो यांच्या पुढाकाराने १९४७ साली अशा संस्था निघाल्या. इंग्लंडात जॉन क्रीझी यांनी १९५३ साली आणखी एक, सर्वांना खुली अशी, संघटना काढली. या संस्थांनी जेवणावळी केल्या, पारितोषिके दिली, कोणाचे पुस्तक निघाले व कोण निवर्तले याची नोंद ठेवली. पण त्यांचे खरे कार्य निराळे होते. वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा एक धर्म त्यांनी धंद्यातल्या लोकांकडूनच मान्य करवून घेतला.

मराठीत ही कल्पना रुजण्याजोगा काळ तोच होता. त्यापूर्वी गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या वळणाची, भुयारे आणि कपटकारस्थाने यांनी गजबजलेली अद्भुतरम्य कादंबरी लोकप्रिय केली होती. नॉक्स यांच्या गुप्त वाटेच्या नियमापुढे ती क्षणभरही टिकली नसती. मग १९३६च्या सुमारास बाबूराव अर्नाळकर अवतरले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. मुंबईत चष्म्याचा व्यवसाय सांभाळून त्यांनी लिहिले. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रे दोन पिढ्यांच्या बोलण्यात शिरली. त्यांत धनंजय हा गुप्तहेराच्या सरळ परंपरेतला, तर काळापहाड कायद्याबाहेर राहून न्याय करणारा, हॉर्नंगच्या रॅफल्सपासून चालत आलेल्या साहसी नायकांच्या कुळातला. येथेच लंडनच्या वाटेपासून मराठी वाट फुटते. लंडनकरांना कोडे हवे होते. अर्नाळकरांच्या वाचकाला कैवारी हवा होता. जेथे वाचक कोडे सोडवायला बसलेलाच नाही, तेथे धागा लपविला म्हणून तक्रार तरी कोण करणार?

तरीही मंडळ का झाले नाही याचे कारण केवळ अभिरुचीत शोधणे पुरेसे नाही. रहस्यकथा मराठीत मालेच्या रूपाने जगली. प्रकाशकाला दरमहा पुस्तक हवे, नाक्यावरच्या वाचनालयाला रोजच्या भाड्याने द्यायला नवी प्रत हवी, आणि लेखकाला हस्तलिखित वेळेवर पोहोचवायचे. या तिघांच्या साखळीत लेखकाचा संबंध दुसऱ्या लेखकाशी येण्याचे प्रयोजनच उरत नाही. आला तर तो स्पर्धक म्हणून. सभासद-वार्तेचे काम मलपृष्ठावरील ‘आगामी पुस्तक’ या जाहिरातीने केले. अनंत अंतरकरांनी १९५४ साली सुरू केलेल्या ‘नवल’सारख्या मासिकाने गूढ आणि अद्भुत यांना एक सभ्य ओसरी मिळवून दिली खरी, पण ओसरी म्हणजे मंडळ नव्हे. तेथे संपादक यजमान असतो आणि लेखक पाहुणा.

असाच प्रकार शेजारच्या कन्नडातही आढळतो, आणि मराठी अभ्यासकाने तो पाहण्याजोगा आहे. बंगळूरच्या पश्चिमेस राजाजीनगर ही वसाहत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस, राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल असताना, त्यांच्या नावाने औद्योगिक उपनगर म्हणून उभी राहू लागली. आसपास गिरण्या आणि कारखाने, कामकरी कुटुंबे, कन्नडाबरोबर तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी वस्ती. अशा शहरात ‘पत्तेदारी कादंबरी’ फोफावली. (पत्ता लावणारा तो ‘पत्तेदार’; शब्द मराठी कानाला परका नाही.) एन. नरसिंहय्या यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांतच सुटले होते. त्यांनी ‘पत्तेदार पुरुषोत्तम’ हा नायक निर्माण केला आणि पाचशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. २०११ साली ते वारले. आज कन्नड वाचक त्यांच्याविषयी कृतज्ञतेने बोलतात, पण त्यांच्या उकलीच्या चातुर्याची वाखाणणी त्यात फारशी नसते. ज्यांच्या हाती कन्नड पुस्तक कधी आले नसते त्यांच्या हाती ते आले, हे त्यांचे ऋण मानले जाते. त्यांचे समकालीन म. राममूर्ती हेही पत्तेदारी कादंबरीकार. त्यांनी संघटना मात्र उभारली. परंतु ती रहस्यकथाकारांची नव्हती. ‘कन्नड पक्ष’ काढून त्यांनी भाषेचा लढा चालविला आणि पिवळा-तांबडा कन्नड ध्वज दिला. विहीर खणताना ती ढासळून १९६७ साली त्यांचा मृत्यू झाला. रहस्यकथेने जमविलेला वाचकवर्ग आणि भाषेने मागितलेला अनुयायीवर्ग यांचे नाते येथे जसे उघड दिसते, तसे मराठीत कोणी तपासलेले नाही. गिरणगावातल्या आणि गिरगावातल्या वाचकाला अर्नाळकरांनी काय दिले, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा होता. तिने त्याऐवजी ‘हे वाङ्‌मय आहे काय?’ असे विचारले आणि नकारार्थी उत्तर देऊन ती मोकळी झाली.

मंडळ नसल्याची खरी हानी नोंदीच्या बाबतीत झाली. १९३६ ते १९८४ या काळात अर्नाळकरांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्या, हा आकडा सांगतो कोण? तर गिनेसचे विक्रमपुस्तक! त्या पुस्तकाने त्यांना ‘लघु रहस्यकथा’ म्हटले, आपण सर्रास ‘कादंबऱ्या’ म्हणतो. या दोन शब्दांतले अंतर लक्षात न घेता तो आकडा पुढे पुढे जात राहिला आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा दुसरा भाग १९३८ ते १९५० या वर्षांचा आहे, म्हणजे अर्नाळकरांच्या पहिल्या बहराचा. परंतु सूची पुस्तकाचे नाव जपते, पुस्तक नव्हे. वाचनालयांनी ही पुस्तके फाटेपर्यंत वापरली आणि फाटल्यावर टाकली. मूळ इंग्रजी कथानक कोणते, त्यात लेखकाने किती बदलले, एकच कथा दोन नावांनी निघाली काय, या साध्या प्रश्नांची उत्तरे पुस्तके शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज मिळणार नाहीत. आणि रूपांतराचा अभ्यास हा तर मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासाचा कणाच आहे.

पुढच्या पिढीने ही उणीव भरून काढली नाही. गुरुनाथ नाईक यांनी कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांच्या मालिकांनी सत्तरच्या दशकात अर्नाळकरांच्या वेगाशी स्पर्धा केली. २०२१ साली ते निवर्तले. सुहास शिरवळकर यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी यांना घेऊन आरंभ केला. या लेखकाची नर्मविनोदी, बोलकी निवेदनशैली रहस्यकथेतच घडली, पुढे ती ‘दुनियादारी’त सर्वांना दिसली, पण तिचे उगमस्थान मात्र कोणी पाहिले नाही. २००३ साली ते गेले तेव्हा त्यांची ओळख ‘दुनियादारी’चे लेखक म्हणूनच पक्की झाली होती. दारा बुलंदच्या कथा अद्याप पुनर्मुद्रित होतात आणि विकल्याही जातात.